रसनेचे पाप आणि उशिरा खुडलेली द्राक्षे

थोर परमगुरुस्वामी संत ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात ईयोबाच्या पुस्तकावर जे विस्तृत भाष्य लिहिले, त्यात खादाडपणाचे पाच प्रकार वर्णिले आहेत. वेळ होण्यापूर्वी खाणे, उंची पदार्थांचाच हव्यास धरणे, प्रमाणाबाहेर खाणे आणि अधाशासारखे खाणे हे चार प्रकार कोणाच्याही सहज ध्यानी येतात. पाचवा मात्र वाचणाऱ्याला क्षणभर थांबवतो. अन्न अमुकच रीतीने सिद्ध झालेले असावे, त्यात अमुकच चव उतरलेली असावी, असा अतिरेकी चोखंदळपणा हाही संत ग्रेगरींच्या लेखी खादाडपणाच आहे. दाखला म्हणून ते एली याजकाच्या पुत्रांकडे बोट दाखवतात. यज्ञाचे मांस शिजवून खाण्याची रीत असता या पुत्रांचा सेवक येऊन कच्चे मांस मागे, कारण धन्यांना ते भाजून हवे असे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हीच पाच कलमे आपल्या महाग्रंथात घेतली, आणि पुढे ती कॅथोलिक नीतिशास्त्राच्या शिकवणुकीत स्थिरावली.

हे पाचवे कलम मनात धरून वाइनविषयीचे एखादे आधुनिक पुस्तक उघडावे. उशिरा खुडलेल्या द्राक्षांच्या गोड पांढऱ्या वाइनवर त्यात हटकून एक प्रकरण असते, आणि तिच्याबरोबर काय वाढावे व काय वाढू नये याच्या सूचनांनी पानेच्या पाने भरलेली असतात. निळ्या बुरशीचे खारट चीज चालते, चॉकलेट चालत नाही. जर्दाळू चालतो, पण पाकात घोळलेला नको. एलीच्या पुत्रांची मागणी याहून वेगळी होती काय? जिभेचे एवढे लाड पुरवणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? हा प्रश्न वाटतो तितका दूरदेशीचा नाही. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण-तरुणी मोठ्या हॉटेलांत आणि प्रवासी जहाजांवर नोकरीस आहेत. कोणत्या ताटाबरोबर कोणता पेला पुढे करावा हे ज्ञान त्यांच्या भाकरीचे साधन आहे. रविवारी मिस्साला बसणारी ही मुले आठवडाभर इतरांच्या पापाची तयारी करीत असतील, तर ते त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि तसे नसेल, तर तेही सांगितले पाहिजे.

आरंभीच शब्दांची एक अडचण दूर करू. आपल्या शुभवर्तमानात ‘द्राक्षारस’ आहे, बाजारात ‘वाइन’ आहे आणि घराघरांत ‘दारू’ आहे. पहिल्या शब्दाने लहान मुलाच्या हातातला रस डोळ्यांपुढे येतो, तर शेवटच्याने रात्री उशिरा वाजणारी कडी ऐकू येते. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे यावर महाराष्ट्रात जो वाद उसळला, तो बराचसा या शब्दांचाच होता. आमचे मत साधे आहे. काना येथील रांजणांत होता तो द्राक्षारस चढणाराच होता, नाहीतर पाहुणे झिंगल्यावर हलका माल काढण्याच्या रिवाजाचा उल्लेख भोजनाच्या कारभाऱ्याने केलाच नसता. म्हणून या लेखात आम्ही द्राक्षारस आणि वाइन हे शब्द एकाच अर्थाने वापरणार आहोत, आणि त्या वस्तूत मद्यार्क असतो हे कोठेही लपवणार नाही.

ही वाइन सिद्ध कशी होते ते पाहिल्यावाचून तिच्याविषयी नैतिक निवाडा करणे अन्यायाचे होईल. द्राक्ष पिकले की खुडावे हा सर्वत्रचा नियम. येथे ते मुद्दाम वेलीवर ठेवतात. दिवस लोटतात तसे फळातले पाणी आटते व साखर दाट होत जाते. पुढे रस आंबवताना सगळ्या साखरेचे मद्य होत नाही. किण्व थकते, किंवा ते थांबवले जाते, आणि उरलेली साखर पेल्यात गोडी होऊन उतरते. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी योहानिसबर्ग नावाची टेकडी आहे. तेथील मठ बेनेडिक्टाइन संन्याशांचा. अठराव्या शतकात तो फुल्डा येथील मठाधिपतींच्या ताब्यात होता, आणि द्राक्षतोडणीची परवानगी दरवर्षी त्यांच्याकडून आणावी लागे. १७७५ साली परवानगी आणणारा स्वार कित्येक दिवस उशिरा परतला, तोवर द्राक्षे वेलीवरच सुरकुतली व सडू लागली, तरी मठवासीयांनी ती खुडली आणि त्यांचा रस अपूर्व निघाला, अशी कथा तेथे सांगतात. त्या स्वाराचा पुतळा योहानिसबर्गच्या प्रांगणात उभा आहे. कथेतला किती भाग इतिहासाचा व किती जिव्हाळ्याचा, हा वाद आम्ही घालीत नाही. आज्ञेवाचून तोडणी न करणारे आणि सडलेले फळही टाकून न देणारे ते संन्यासी आम्हांला मात्र जवळचे वाटतात. उशिरा खुडलेल्या वाइनचे जर्मन नाव ‘श्पेटलेझे’ असे आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ उशिराची तोडणी एवढाच होतो.

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या दक्षिणेस, सुमारे चाळीस किलोमीटरांवर, सोतेर्न नावाचा भाग आहे. सिराँ नावाची छोटी थंड नदी तेथे गारोन या मोठ्या नदीस मिळते, आणि पानगळीच्या दिवसांत पहाटे दाट धुके उठून मळ्यांवर पसरते. त्या ओलाव्यात बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षांवर धरते. दुपारी ऊन पडून धुके विरले, तर हीच बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रे पाडून आतले पाणी उडू देते. फळ करडे-तपकिरी, चुरगळलेले, पाहवणार नाही असे दिसू लागते, पण आतला रस मधासारखा दाट होतो. ऊन पडले नाही व पाऊस लागला, तर तीच बुरशी पीक नासवून टाकते. फ्रेंच लोक या उपकारक सडीला ‘उमदी सड’ म्हणतात. सगळी द्राक्षे एकाच दिवशी अशी होत नाहीत. त्यामुळे तोडणी करणारी माणसे एकाच ओळीतून पुनःपुन्हा फिरतात, दर खेपेस तेवढेच तयार मणी निवडून घेतात व बाकीचे वेलीवर राहू देतात. हे काम कित्येक आठवडे चालते. १८५५ च्या प्रतवारीत सर्वांच्या वर ज्याचे नाव लागले, त्या शातो दिकेम या मळ्यात एका वेलीमागे एक पेला वाइन निघते असे सांगतात. दिकेमने १९९२ साली आणि पुन्हा २०१२ साली आपल्या नावाची वाइन काढलीच नाही, कारण फळ मनासारखे उतरले नाही.

येथे एक गंमत नोंदवल्याशिवाय राहवत नाही. ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील ९२४ व्या कलमानुसार मिस्साबलीसाठी वापरायचा द्राक्षारस हा द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न नासलेला असावा लागतो. सडलेल्या द्राक्षांचा हा रस त्या कसोटीस उतरतो, कारण नासणे म्हणतात ते रसाचे, म्हणजे त्याचे शिरका होणे. फळ सडले तरी रस शाबूत राहू शकतो.

आपल्याकडे नाशिकच्या परिसरातही शेनिन ब्लाँ जातीच्या द्राक्षांपासून उशिरा खुडलेली गोड वाइन तयार होते. तेथील तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या महिन्यांत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर होते. पानगळ, धुके आणि थंडी हे सगळे तिथे वेगळे. पण फळ थांबवून ठेवण्याची युक्ती तीच.

आता सोबतीचा विचार. या वाइनबरोबर काय खावे याचा मूळ नियम एकच आहे, आणि बाकीचे सगळे त्याचे हिशेब आहेत: पेल्यापेक्षा ताट अधिक गोड असता कामा नये. ताटातला पदार्थ अधिक गोड असला की वाइनची गोडी लपते, तिचा आंबटपणा तेवढा वर येतो आणि ती पाणचट लागू लागते. नाताळात आपल्याकडे बेबिंका, दोदोल, नेवऱ्या यांनी ताट भरलेले असते. हौसेने आणलेली गोड वाइन त्याच वेळी उघडली, तर ती बेचव लागते आणि दोष वाइनला जातो. गूळ व नारळाचा रस आटवून केलेल्या दोदोलापुढे कोणतीही द्राक्षे काय टिकणार? तीच वाइन खारवलेल्या काजूंबरोबर दिली तर दोन्ही वस्तू अधिक चांगल्या लागतात. खारट आणि गोड ही जोडी फ्रान्समध्ये रोकफोर चीजने प्रसिद्ध केली. मेंढीच्या दुधाचे हे चीज कोंबालू डोंगरातील गुहांत मुरते आणि त्यातल्या निळ्या शिरा याही एका बुरशीच्याच असतात. एका बुरशीने गोड केलेली वाइन आणि दुसऱ्या बुरशीने तिखट-खारट केलेले चीज एकत्र यावे, यात निसर्गाचा विनोद दिसतो.

तिखटाशी जमते ते वेगळ्या कारणाने. मद्यार्काने मिरचीची आग वाढते, गोडीने ती शमते. ऱ्हाइनकाठच्या उशिराच्या तोडणीच्या काही वाइनमध्ये मद्यार्क आठ-नऊ टक्केच असतो व आंबटपणा भरपूर असतो. त्यामुळे शिरक्यातल्या तिखट मांसाच्या पदार्थांपुढेही ती टिकून राहते. सोरपोतेलासमोर एखादी जाडजूड तांबडी वाइन ठेवणाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. पण या शास्त्राचे फार स्तोमही माजवू नये. खुद्द सोतेर्नमध्ये ही वाइन भाजलेल्या साध्या कोंबडीबरोबर पितात, आणि पुस्तकांतील अर्धी बंधने त्या एका ताटाने मोडतात.

हे सारे वर्णन आम्ही आनंदाने केले आहे हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. तो आनंद पाप आहे काय? संत ग्रेगरींचाच पुढचा विचार येथे उपयोगी पडतो. त्यांनी दोन माणसे शेजारी उभी केली आहेत. एसावाने मसुराच्या आमटीसाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला. मसूर म्हणजे अगदी गरिबाचे अन्न. पण त्यासाठी तो इतका व्याकूळ झाला की बाकी सगळे त्याच्या नजरेआड गेले. उलट एलियाला कावळ्यांनी भाकरीबरोबर मांसही आणून दिले, ते त्याने खाल्ले व त्याचे काही बिघडले नाही. दोष अन्नात नसतो, इच्छेत असतो, असा निष्कर्ष संत ग्रेगरी काढतात. यावरून पाहता पाचवे कलम चांगल्या चवीला पाप म्हणत नाही. एलीच्या पुत्रांचा अपराधही मांस भाजण्यात नव्हता. देवाचा वाटा अर्पण होण्याआधी ते आपला वाटा ओढून घेत, आणि कोणी थांबा म्हटले तर जबरीने नेऊ अशी धमकी देत. त्यांची आवड इतरांच्या अंगावर धावून जाई.

संत थॉमस तर आणखी एक पाऊल पुढे टाकतात. देहाला देवाने जे सुख जोडून दिले आहे, त्याचा विनाकारण तिटकारा बाळगणे हाही त्यांच्या मते दुर्गुण आहे, आणि त्याला त्यांनी संवेदनशून्यता असे नाव दिले आहे. प्रायश्चित्तासाठी, आरोग्यासाठी किंवा वरच्या एखाद्या ध्येयासाठी सुख सोडणे त्यांना मान्य आहे. सुख हे सुख आहे म्हणून त्याला नाक मुरडणे मान्य नाही. मठवासीयांच्या नियमावलीत संत बेनेडिक्ट यांची अडचण मोठी हृद्य आहे. संन्याशांनी द्राक्षारस घेऊच नये असे त्यांना वाटते, पण आपल्या काळच्या संन्याशांना हे पटवता येणार नाही हेही त्यांना कळते. तेव्हा ते दिवसाला एक हेमिना, म्हणजे साधारण पाव लिटर, एवढे माप ठरवून देतात आणि तृप्तीपर्यंत पिऊ नका असे सांगतात. दारुड्यांना पाहून जगात द्राक्षारस नसताच तर बरे झाले असते असे म्हणणाऱ्यांना संत जॉन ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकातच उत्तर दिले होते: दोष द्राक्षारसाचा नव्हे, झिंगण्याचा आहे. आणि खुद्द प्रभू येशूला लोकांनी खादाड व मद्यपी म्हटल्याची नोंद शुभवर्तमानात आहे. योहान बाप्तिस्ता उपाशी राहिला तेव्हा त्याला भूत लागले आहे असे तेच लोक म्हणाले होते.

इथवर आमच्या हॉटेलातल्या मुलांची बाजू भक्कम दिसते. पण प्रकरण इतक्यावर मिटत नाही, कारण या वाइनची सर्वांत नावाजलेली सोबत कोणती, हे आम्ही अजून सांगितलेले नाही.

ती आहे फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचे किंवा हंसाचे चरबीने फुगलेले यकृत. पक्ष्याला शेवटच्या दिवसांत नळीने घशाखाली बळजबरीने मका भरतात, त्यामुळे यकृत नैसर्गिक आकाराच्या कित्येक पट वाढते. लोण्यासारखे मऊ असे हे यकृत आणि गार सोतेर्नचा पेला ही जोडी फ्रेंच मेजवानीचा मानबिंदू समजली जाते. चवीचे गणित येथेही बरोबर आहे. चरबीच्या जडपणाला वाइनची गोडी व आंबटपणा तोलून धरतात. पण पक्ष्याच्या घशातल्या नळीचे काय? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातील २४१८ व्या परिच्छेदात प्राण्यांना निष्कारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला सोडून असल्याचे म्हटले आहे. पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झालेले कार्डिनल रॅट्झिंगर यांनी पेटर झेवाल्ड या पत्रकाराशी झालेल्या आपल्या दीर्घ संवादात, जो २००० साली पुस्तकरूपाने आला, नेमके हेच उदाहरण घेतले होते. यकृत मोठे व्हावे म्हणून हंसांना असे खाऊ घालणे म्हणजे जिवंत प्राण्याला बाजारातली वस्तू करून टाकणे होय आणि पवित्र शास्त्रातील मानव-प्राणी नात्याशी ते विसंगत आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. भारत सरकारने २०१४ साली या पदार्थाची आयात बंद केली.

आम्हांला यात दुमत दिसत नाही. यातना निष्कारण आहेत, कारण वाइनला हवी असते ती चरबी व मीठ, आणि ती चीजमध्ये आहे, कोंबडीच्या कुरकुरीत सालीत आहे, काजूत आहे. चोखंदळ जीभ म्हणेल की तीच चव दुसऱ्या कशात येणार नाही. तिचे म्हणणे खरे असेल. संत ग्रेगरींचे पाचवे कलम आमच्या समजुतीप्रमाणे नेमके इथे लागू पडते, जिथे एका घासातल्या बारीकशा फरकासाठी दुसऱ्या जिवाचे हाल हिशेबात धरेनासे होतात. आणि फ्वा ग्राला नावे ठेवणाऱ्या आपण सर्वांनी, लग्नासाठी खुराड्यात दाटीवाटीने कोंबून आणलेल्या कोंबड्यांकडेही त्याच नजरेने पाहायला हवे. फ्रान्स दूर आहे म्हणून तेथील पापाविषयी बोलणे सोपे जाते.

जहाजावर काम करणाऱ्या मुलाने मग काय करावे? मालकाच्या जेवणपत्रिकेत फ्वा ग्रा असेल तर ते त्याला वाढावे लागेल. नोकराच्या हातून घडणाऱ्या दूरच्या सहभागाला नीतिशास्त्र धन्याइतकी जबाबदारी लावत नाही. पाहुण्याने विचारले की या वाइनबरोबर काय घेऊ, तर रोकफोर सुचवणे मात्र त्याच्या हातात आहे, आणि तो सल्ला व्यवसायाच्या दृष्टीनेही खोटा नाही.

आता पेल्याची दुसरी बाजू, जी आमच्या मते अधिक अवघड आहे. गोडी मद्यार्क झाकते. सोतेर्नच्या पेल्यात तेरा-चौदा टक्के मद्यार्क असू शकतो, म्हणजे जेवणातल्या कोणत्याही वाइनइतकाच. पण जिभेला तो सरबतासारखा लागतो. ‘ही काय, गोडच आहे, घे’ असे म्हणून समारंभात ती अशा माणसांच्या हाती दिली जाते ज्यांनी एरवी पेल्याला हात लावला नसता. घरोघरी मनुका भिजवून नाताळची वाइन घातली जाते, तिच्यात किती मद्यार्क उतरला हे घालणाऱ्या माउलीलाही ठाऊक नसते, आणि मुलांनाही चमचाभर मिळते. गोड म्हणजे सौम्य, ही समजूत चुकीची आहे, आणि जो यजमान जाणून-बुजून ती राहू देतो तो पाहुण्याला फसवतो.

आपल्या समाजात असे एकही धर्मग्राम नसेल जिथे मद्याने एखादे घर धुळीस मिळवलेले नाही. अनेक चर्चच्या आवारात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा भरतात. तेथे येणाऱ्या भावा-बहिणींना रोकफोर आणि सोतेर्नची जोडी समजावून सांगणे म्हणजे क्रूर थट्टा होईल. त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे, आणि ख्रिस्तसभेने तो अगदी वेदीपर्यंत नेला आहे. ज्या धर्मगुरूला मद्यार्क घेणे शक्य नाही, त्याला धर्माधिकाऱ्याच्या अनुमतीने ‘मुस्तुम’ वापरता येते. मुस्तुम म्हणजे किण्वन सुरू होताच थांबवलेला द्राक्षरस. श्रद्धा-सिद्धान्तविषयक मंडळाने २००३ सालच्या पत्रात याचे नियम स्पष्ट केले आहेत. साक्षात वेदीवर जर दुर्बल माणसासाठी जागा करता येते, तर लग्नाच्या मांडवात ‘एक घोट घेतलाच पाहिजे’ हा आग्रह कोठून आला? करिंथकरांच्या प्रेमभोजनात एक जण उपाशी राही आणि दुसरा झिंगलेला असे. त्यावर संत पौलाने त्यांना कडक शब्दांत खडसावले आहे. रोमकरांस त्याने लिहिले की आपल्या द्राक्षारसाने भाऊ अडखळत असेल तर तो न पिणेच चांगले. पेल्याबरोबर कोणता पदार्थ शोभेल याची एवढी काळजी वाहणाऱ्याने पेला कोणत्या माणसापुढे येत आहे याचीही तेवढीच बारीक पारख करावी, एवढेच आमचे मागणे आहे. ज्या मांडवात न पिणारा माणूस पाणी हाती धरून संकोचाने कोपऱ्यात उभा राहतो, त्या मांडवात वाइन कितीही उत्तम असली तरी तेथे भोजनाची व्यवस्था चुकलेली आहे.

खर्चाचा प्रश्न उरतो. बेथानीत मरियेने तीनशे दिनारांचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या कमाईएवढे. हे विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहूदा इस्कार्योत होता, आणि त्याला गरिबांची कळकळ नव्हती असे शुभवर्तमानकार योहान सांगतो. यावरून महागडी वस्तू नेहमीच क्षम्य ठरते असे मात्र नाही. श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या दाखल्यात मेजवानी रोज होत होती आणि दार रोज बंद होते.

कारेन ब्लिक्सेन या डॅनिश लेखिकेची ‘बाबेटची मेजवानी’ ही कथा आणि तिच्यावरचा १९८७ सालचा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. पोप फ्रान्सिस यांनी ‘अमोरिस लेतित्सिया’ या २०१६ सालच्या पत्रात त्या चित्रपटाचा उल्लेख केला आहे. पॅरिसहून परागंदा झालेली कॅथोलिक स्वयंपाकीण बाबेट सोडतीत मिळालेले दहा हजार फ्रँक एका रात्रीच्या जेवणावर खर्च करते. तिचे पाहुणे धर्मभीरू, साधे, वृद्ध लोक. सुखाच्या धास्तीने त्यांनी आधीच ठरवलेले असते की जेवणाविषयी अवाक्षरही काढायचे नाही. ते चकार शब्द न बोलता जेवतात, आणि जेवता जेवता जुनी भांडणे मिटतात. त्या बायका-पुरुषांनी जिभेची धास्ती घेतली नसती तर बाबेटला दोन कौतुकाचे शब्द ऐकायला मिळाले असते, असे आम्हांला प्रत्येक वेळी वाटते. संत थॉमसांनी संवेदनशून्यतेला दुर्गुण का म्हटले, ते कदाचित अशा जागी कळते. कोणीतरी आपल्यासाठी राबलेले असते. चव न घेणे म्हणजे त्या राबण्याकडे पाठ फिरवणे होय.

आणि राबण्याचा विषय निघाला म्हणून काना येथील लग्नातली एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे प्रवचनांत सहसा लक्ष जात नाही. दगडी रांजण सहा होते आणि प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावत असे. भोजनाच्या कारभाऱ्याने पेला ओठांना लावला आणि हा द्राक्षारस आधीच्यापेक्षा सरस आहे हे अचूक ओळखले. आजच्या भाषेत सांगायचे तर तो जाणकार होता आणि त्याची जीभ चुकली नाही. उत्तम ते शेवटी आले याचे आश्चर्य त्याने नवऱ्यामुलाला बोलून दाखवले. पण तो द्राक्षारस कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते ज्यांनी पाणी भरले होते त्या चाकरांना, आणि योहानाने आपल्या शुभवर्तमानात तसे आवर्जून नोंदवून ठेवले आहे.